डुलणारे प्रवाळ, ढासळणारी भिंत

ऑक्टोबर २०२५ मध्ये २३ देशांतील १६० शास्त्रज्ञांनी तयार केलेला ‘ग्लोबल टिपिंग पॉइंट्स’ अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यातल्या एका निष्कर्षाची जगभर बातमी झाली. उष्ण समुद्रांतील प्रवाळभित्तींनी परतीची वेस ओलांडली आहे, असे हा अहवाल सांगतो. त्याआधी सहा महिने, एप्रिलमध्ये, जानेवारी २०२३ पासून सुरू असलेल्या चौथ्या जागतिक विरंजनाचा हिशेब जाहीर झाला होता. जगातील सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला या काळात विरंजन घडवण्याइतकी उष्णता सोसावी लागली होती. १९९८ च्या पहिल्या जागतिक विरंजनात हे प्रमाण २१ टक्के होते, २०१० मध्ये ३७ आणि २०१४ ते २०१७ या काळात ६८.

आकडे भयावह आहेत आणि त्यांत अतिशयोक्ती नाही. तरीही कॅरिबियन बेटांजवळ आज पाण्याखाली उतरणाऱ्याला अनेक ठिकाणी वेगळेच दृश्य दिसते. जांभळे जाळीदार पंखे, पिवळसर चाबकांसारख्या काड्या, झुडपांसारखे फुटवे, सगळे लाटेबरोबर एका लयीत डुलत असतात. आजूबाजूला मासेही असतात. मग प्रवाळ मेले, असे म्हणणारे शास्त्रज्ञ चुकले का? तसे नाही. या बातम्यांतले ‘प्रवाळ’ म्हणजे जवळजवळ नेहमी कठीण प्रवाळ, चुन्याचा सांगाडा बांधणारे. डुलताना दिसतात ते त्यांचे नातलग, मृदू प्रवाळ. ते कसे तगतात, कशामुळे तगत नाहीत आणि त्यांच्या तगण्याचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत प्रवाळ संशोधनात पुढे आला आहे. त्याचे उत्तर दिलासा देणारे आहे, पण तेवढेच अवघडही.

आधी ओळख. प्रवाळ हा प्राणी. नखाएवढे किंवा त्याहूनही लहान असे शेकडो जीव, म्हणजे पॉलिप, एकमेकांना चिकटून वसाहत करतात. कठीण प्रवाळाच्या पॉलिपला सहा किंवा सहाच्या पटीत शुंडके असतात. मृदू प्रवाळाला बरोबर आठ, आणि प्रत्येक शुंडक पिसासारखे कातरलेले. म्हणून त्यांना अष्टभुज प्रवाळ असेही म्हणता येईल. जगात त्यांच्या साडेतीन हजारांच्या आसपास प्रजाती आहेत. गंमत म्हणजे मराठी माणसाच्या ओळखीचे ‘पोवळे’, मंगळासाठी अंगठीत घालतात ते, याच आठ शुंडकांच्या कुळातले आहे. भूमध्य समुद्रातल्या लाल प्रवाळाचा तो कणखर आस. बाकी बहुतेक मृदू प्रवाळांना असा आस नसतो. त्यांच्या मांसल अंगात चुन्याचे अगदी बारीक कण विखुरलेले असतात, वाळूच्या कणांसारखे. शरीराला थोडा ताठपणा देण्यापुरते आणि माशांच्या दाताखाली कचकच लागावी इतकेच.

उथळ, उजेडाच्या पाण्यातल्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहते. या बिऱ्हाडाचा व्यवहार साधा आहे. शैवाल सूर्यप्रकाशात साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देते. कठीण प्रवाळाची ऊर्जेची गरज यातून नव्वद टक्क्यांपर्यंत भागू शकते. बदल्यात प्रवाळ शैवालाला आसरा, कार्बन डायऑक्साइड आणि आपल्या चयापचयातून उरलेले नत्र देतो. या नत्राचा पुरवठा प्रवाळ हात राखून करतो. नत्र कमी पडले की शैवालाला भराभर पिलावळ वाढवता येत नाही, आणि खर्च न झालेली साखर यजमानाच्या पदरात पडते. हा तपशील पुढे कामाला येणार आहे.

पाणी नेहमीच्या कमाल उन्हाळी तापमानापेक्षा एका अंशाने वर जाऊन आठवडेच्या आठवडे तसेच राहिले की हा व्यवहार बिघडतो. शैवालातील प्रकाश पकडणारी यंत्रणा उष्णतेत नादुरुस्त होते, पण ऊन पडायचे थांबत नाही. न वापरलेल्या ऊर्जेतून ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात आणि यजमानाच्या पेशींना जाळू लागतात. प्रवाळ मग शैवालाला बाहेर काढतो किंवा शैवाल असलेल्या पेशीच टाकून देतो. रंग शैवालाचा होता, तो जातो आणि पारदर्शक मांसाखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. हेच विरंजन. या अवस्थेत प्रवाळ जिवंत असतो, पण उपाशी. पाणी लवकर निवले तर उरलेसुरले शैवाल पुन्हा वाढते. नाही निवले तर काही आठवड्यांत सांगाड्यावर हिरवट बुरशीसारखा थर चढतो आणि खेळ संपतो.

मृदू प्रवाळही याच शैवालावर विसंबतात, पण पूर्णपणे नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर कॅथरिना फॅब्रिशियस आणि डेव्हिड क्लम्प यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की तिथल्या अनेक मृदू प्रवाळांना केवळ शैवालाच्या साखरेवर भागत नाही. पाण्यातले सूक्ष्म अन्नकण गाळून खाणे ही त्यांची रोजची गरज आहे. चांगल्या दिवसांत ही उणीव वाटते. शैवाल रुसले की तीच सोय होते. ज्याच्या घरात दोन कमावते, त्याची एक नोकरी गेली तरी चूल अगदीच विझत नाही. शिवाय चुन्याची इमारत उभारायचा खर्च नाही. कठीण प्रवाळाच्या ऊर्जेचा मोठा भाग बांधकामात जातो. मृदू प्रवाळाचे घर म्हणजे त्याचे शरीरच. ताण आला की तो पॉलिप आत ओढून घेतो, अंग आक्रसतो आणि वाट पाहतो.

काहींची युक्ती याहून निराळी. झेनिया आणि तिच्या जवळच्या प्रजाती आपले आठही शुंडके मुठीसारखे मिटतात आणि उघडतात, मिनिटाला अनेक वेळा, दिवसरात्र. ही उघडझाप कशासाठी, हे कोडे फार जुने होते. भक्ष्य पकडण्यासाठी असेल असे वाटायचे. लाल समुद्रात एलात येथे काम करणाऱ्या संशोधकांनी २०१३ मध्ये त्याचा उलगडा केला. प्रकाशसंश्लेषण जोरात चालले की शैवालाभोवती ऑक्सिजन साचतो आणि पुढचे काम त्यानेच मंदावते. शुंडक्यांच्या हालचालीने हा ऑक्सिजन झटकला जातो आणि प्रकाशसंश्लेषण कित्येक पटींनी वाढते. स्वयंपाकघरात धूर साचू नये म्हणून पंखा लावावा, तसे हे. पंखा सतत फिरवायला ऊर्जा लागते, पण तरीही तो परवडतो.

आता खरी परीक्षा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ‘झेनिया अम्बेलाटा’च्या तुकड्यांना तीन टाक्यांमध्ये ठेवले गेले. एका टाकीत स्वच्छ पाणी, दुसऱ्यात मध्यम आणि तिसऱ्यात भरपूर नायट्रेट, म्हणजे सांडपाणी आणि खते समुद्रात मिसळली की वाढते ते. मग सर्व टाक्यांचे तापमान २७.७ अंशांवरून हळूहळू ३२.८ अंशांपर्यंत नेले. स्वच्छ पाण्यातल्या झेनियावर पाच अंशांच्या या वाढीचा मोजता येईल असा काहीही परिणाम झाला नाही. बहुतेक कठीण प्रवाळांसाठी इतकी उष्णता मृत्यूची घंटा ठरते. नायट्रेटच्या दोन्ही टाक्यांमध्ये मात्र शुंडक्यांची उघडझाप शंभर टक्के थांबली. जास्त नायट्रेट असलेल्या टाकीत पॉलिप गळू लागले आणि २६ टक्के तुकडे मेले.

या प्रयोगाचा अर्थ नीट लावायला हवा. मघाशी नत्राच्या हात राखलेल्या पुरवठ्याचा उल्लेख आला. पाण्यातच नत्र भरपूर झाले की ती किल्ली यजमानाच्या हातातून जाते. शैवालाला आता स्वतःसाठी वाढायला हरकत नसते आणि यजमानाच्या वाट्याची साखर आटते. उष्णता येण्याआधीच हे बिऱ्हाड आतून पोखरलेले असते. म्हणजे ‘मृदू प्रवाळ उष्णता सोसतात’ हे विधान अर्धे आहे. पाणी स्वच्छ असेल तर सोसतात, हे पूर्ण विधान. उष्णता कमी करणे एका देशाच्या हातात नाही, पण नायट्रेट ज्या गटारातून येते ते गटार कुठल्या ना कुठल्या नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या हद्दीत असते.

भागीदार बदलण्याची मुभाही मृदू प्रवाळांना फारशी नसते. काही कठीण प्रवाळ विरंजनानंतर उष्णता सोसणारे दुसरे शैवाल, विशेषतः ‘ड्युरुसडिनियम’ या वंशातले, घरात घेतात आणि एखाद-दुसरा अंश जास्त झेलू शकतात. कॅरिबियन मृदू प्रवाळांच्या अभ्यासात उलटे दिसले. ‘प्लेक्सॉरा कुना’ या प्रजातीच्या वसाहतींत वर्षानुवर्षे तेच शैवाल राहिले, वसाहत एका जागेवरून उचलून दुसरीकडे लावली तरीही. असा एकनिष्ठपणा स्थिर हवामानात फायद्याचा. हवामान झपाट्याने बदलू लागले की तोच अडसर ठरू शकतो. म्हणूनच मृदू प्रवाळांना सरसकट ‘काटक’ म्हणणे धाडसाचे आहे. १९९८ मध्ये ओकिनावाजवळच्या सेसोको बेटाभोवती कठीण प्रवाळांबरोबर मृदू प्रवाळांचीही वाताहत झाली होती. उलट २००५ च्या कॅरिबियन उष्णतेत प्वेर्तो रिकोभोवतीच्या बहुतेक मृदू प्रवाळ प्रजाती तगल्या आणि मोजक्यांनाच मोठा फटका बसला. आणि ज्यांच्यात शैवालच नाही, त्यांचे काय? भूमध्य समुद्रातील समुद्री पंखे आणि पोवळ्याचे लाल प्रवाळ शैवालाविना जगतात. १९९९ आणि २००३ च्या उन्हाळ्यांत तेही मोठ्या संख्येने मेले. उष्णतेची झळ केवळ भागीदारापुरती नसते.

या सर्व प्रकाराचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकेच्या व्हर्जिन बेटांपैकी सेंट जॉन येथे आहे. पीटर एडमंड्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ पासून तिथल्या त्याच त्या जागांची नोंद ठेवली आहे. विरंजन, रोग आणि वादळे यांनी तिथले कठीण प्रवाळ टप्प्याटप्प्याने कमी होत गेले. त्यांच्या मोकळ्या झालेल्या जागेत मृदू प्रवाळांचे रान उभे राहिले. एडमंड्स आणि हॉवर्ड लास्कर यांनी त्याला ‘लपलेला सत्तापालट’ अशा अर्थाचे नाव दिले, कारण कठीण प्रवाळांच्याच टक्केवारीकडे पाहणाऱ्यांच्या तो लक्षातही आला नव्हता. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा आणि मारिया ही दोन राक्षसी चक्रीवादळे दोन आठवड्यांच्या अंतराने आली. मृदू प्रवाळ उखडून गेले, पण पुढच्या वर्षांत त्यांची नवी रोपटी पुन्हा दिसू लागली. कठीण प्रवाळांची तशी उभारी दिसली नाही. त्यात २०१४ मध्ये मायामीजवळ सुरू झालेला आणि आता कॅरिबियनभर पसरलेला ऊतिनाशक रोग वीसहून अधिक प्रजातींच्या कठीण प्रवाळांना पोखरतो आहे, मृदू प्रवाळांना नाही.

फ्लोरिडाने तर टोक गाठले. २४ जुलै २०२३ रोजी मॅनाटी बे या उथळ खाडीतल्या तरंगत्या यंत्राने पाण्याचे तापमान ३८.४ अंश नोंदवले. खाडी गढूळ आणि बंदिस्त होती, तेव्हा तो आकडा उघड्या भित्तीचा नव्हे. पण बाहेरच्या भित्तीवरही पाणी अनेक आठवडे असह्य होते. त्या उन्हाळ्यात फ्लोरिडा कीज आणि ड्राय टोर्टुगास परिसरातील हरणशिंगी आणि सांबरशिंगी प्रवाळांच्या ९८ ते १०० टक्के वसाहती मेल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हे दोन्ही प्रवाळ फ्लोरिडात ‘कार्यदृष्ट्या नामशेष’ ठरवले. म्हणजे एखाद-दुसरी वसाहत सापडेल, पण भित्ती बांधण्याचे काम ते आता करणार नाहीत.

‘काम’ हा शब्द इथे कळीचा आहे. प्रवाळभित्ती म्हणजे समुद्रातला बांध. किनाऱ्याकडे येणाऱ्या लाटेचा बहुतांश जोर ती तोडते. हा बांध दरवर्षी लाटांनी, पोपटमाशांनी, छिद्रे पाडणाऱ्या स्पंजांनी झिजतो आणि कठीण प्रवाळ त्याची डागडुजी करतात. डागडुजी थांबली की बांध बसत जातो. मृदू प्रवाळ या हिशेबात जवळजवळ काहीच भर घालत नाहीत. एखाद्या पडक्या किल्ल्याच्या तटावर दाट झाडी माजावी आणि दुरून सगळे हिरवेगार दिसावे, तसे त्यांचे रान. लहान माशांना त्यात आसरा मिळतो, हे खरे. पण कपारी, गुहा, खोबणी हव्या असणाऱ्या माशांना आणि शेवंडांना तो पुरत नाही.

समुद्राच्या आम्लीकरणातही हेच चित्र आहे. ओकिनावाजवळच्या इवोतोरीशिमा या ज्वालामुखी बेटाशेजारी समुद्रतळातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी तिथे तीन पट्टे पाहिले. नेहमीच्या पाण्यात कठीण प्रवाळ, मध्यम आम्ल पाण्यात मृदू प्रवाळांचे राज्य आणि बुडबुड्यांच्या अगदी जवळ दोन्ही नाहीत. मधला पट्टा म्हणजे या शतकाच्या अखेरीस अपेक्षित असलेले पाणी. प्रयोगशाळेत इस्रायली संशोधकांनी त्याचे कारण शोधले. मृदू प्रवाळाचे चुन्याचे कण मांसाच्या आत असतात, त्यामुळे प्रवाळ जिवंत असेपर्यंत आम्ल पाण्याचा त्यांना स्पर्श होत नाही. जीव गेला की ते कणही विरघळू लागतात.

यातून मोजदादीचा एक विचित्र पेच तयार होतो. कठीण प्रवाळ मेला तरी सांगाडा उरतो. दहा वर्षांनी येणाऱ्यालाही कळते की इथे काहीतरी होते. मृदू प्रवाळ मेला की काही दिवसांत लगदा होतो आणि लाटेबरोबर जातो. मागे पुरावा राहत नाही. आधीची नोंद नसेल तर तो होता हेच सिद्ध करता येत नाही. आणि ‘गेले तर गेले, तणासारखे पुन्हा उगवतील’ हा समजही सगळ्यांना लागू नाही. झेनिया भराभर पसरते, पण सिन्युलारिया आणि सार्कोफायटनसारख्या मोठ्या मांसल वसाहती अतिशय संथ वाढतात. खाटेएवढी वसाहत म्हणजे कित्येक दशकांची मिळकत.

ती मिळकत माणसाच्याही कामाची आहे, तीही औषधाच्या दुकानात. पळून जाता येत नाही आणि कवच नाही, म्हणून मृदू प्रवाळ रसायनांनी स्वतःचे रक्षण करतात. १९६९ मध्ये अल्फ्रेड वाइनहायमर आणि रॉबर्ट स्प्रॅगिन्स यांना कॅरिबियनमधल्या ‘प्लेक्सॉरा होमोमला’ या प्रवाळात प्रोस्टाग्लॅन्डिनचा साठा सापडला. वेदना, दाह आणि प्रसूतीच्या कळा यांच्याशी संबंधित असलेले हे द्रव्य तोवर प्राण्यांच्या ग्रंथींतून चिमूटभर मिळायचे. कृत्रिम निर्मिती स्वस्त होईपर्यंत काही वर्षे संशोधनाची भूक या प्रवाळावर भागली. इल्युथरोबिन हे कर्करोगाच्या पेशींची विभागणी रोखणारे द्रव्य १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियाजवळच्या मृदू प्रवाळात सापडले, पण पुरेसे मिळेना. हे रसायन शैवाल बनवते की प्रवाळ, यावर बराच काळ वाद होता. २०२२ मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी एकाच वेळी दाखवले की अशा रसायनांची कृती खुद्द प्रवाळाच्या जनुकांतच आहे. त्यामुळे ती आता जिवाणूंकडून बनवून घेण्याचा मार्ग खुला झाला आहे. कृती लिहिलेली वही मात्र समुद्रात आहे.

भारतात लक्षद्वीपचा प्रश्न सर्वांत निकडीचा, कारण ही बेटे प्रवाळांनीच बांधली आहेत आणि समुद्रसपाटीपासून ती जेमतेम मीटर-दोन मीटर वर आहेत. तिथल्या चोवीस वर्षांच्या नोंदींत प्रवाळ आच्छादन जवळपास निम्म्यावर आल्याचे दिसले. १९९८, २०१० आणि २०१६ या उष्ण वर्षांनी एकापाठोपाठ दणके दिले आणि मे २०२४ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने पुन्हा व्यापक विरंजन नोंदवले. महाराष्ट्रात १९८७ पासून संरक्षित असलेल्या मालवणच्या सागरी अभयारण्यातही गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गेल्या दशकात विरंजन पाहिले आहे. मालवणचे पाणी पावसाळ्यात गढूळ आणि खाडीच्या गाळाने भरलेले असते. त्यात पर्यटनाबरोबर वाढणारे सांडपाणी मिसळले तर झेनियाच्या प्रयोगातली तिसरी टाकी फार लांब नाही.

कायदाही या कुळाकडे तुकड्यातुकड्यानेच पाहतो. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात भित्ती बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्री पंखे आले. मांसल मृदू प्रवाळांचे नाव त्या यादीत नव्हते. ज्यांचे नाव आहे त्यांचीही सुटका नाही. वाळवलेले समुद्री पंखे आणि काळे प्रवाळ ‘इंद्रजाल’ म्हणून चौकटीत बसवून विकले जातात, घराला नजर लागू नये म्हणून. ते झाडाचे मूळ असल्याचे विकणारा सांगतो आणि घेणाराही तसेच समजतो. तो वाघाच्या कातड्याइतकाच संरक्षित प्राणी आहे, हे जप्तीची बातमी छापून आल्यावर कळते.

लक्षद्वीप असो वा मालवण, पुढच्या सर्वेक्षणांत कठीण आणि मृदू प्रवाळांचे रकाने वेगळे असायला हवेत, तेही प्रजातीनिहाय, कारण एकूण ‘जिवंत प्रवाळ’ अमुक टक्के हा आकडा ढासळत्या भिंतीवरही स्थिर राहू शकतो. दुसरा रकाना नायट्रेटचा हवा. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान उपग्रह रोज फुकट देतात. नायट्रेटसाठी दर महिन्याला त्याच जागी होडी नेऊन पाण्याची बाटली भरून आणावी लागते, पावसाळा संपल्यावर तर नक्कीच. लक्षद्वीपमध्ये शोषखड्ड्यांतून झिरपणारे पाणी आणि मालवणात किनाऱ्यालगतच्या हॉटेलांचे सांडपाणी कुठे जाते, याचे उत्तर त्या बाटलीत मिळेल.